मीटरवर 42 व्होल्ट, पेटीत प्लास्टर

बॅटरी विकणारा स्वतःहून मल्टिमीटर काढून व्होल्टेज दाखवायला लागला की समजावं, बाकीचं काही तो दाखवणार नाही. 36 व्होल्टचा लिथियम पॅक पूर्ण भरला की मीटर 42 दाखवतो. एकापुढे एक जोडलेले दहा सेल, प्रत्येकी 4.2. पण हे 42 नव्या सेलचेही येतात आणि भंगारातल्या लॅपटॉपमधून उपसलेल्या सेलचेही. मला व्हिडिओ कॉलवर दाखवले ते 42.0 अगदी खरे होते. त्या खऱ्या आकड्याच्या आडूनच मला गंडवलं.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. शिमगोत्सवात आमच्या चित्ररथापुढे चालवायला लांब चिमट्याची (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा), उंच हँडलची चॉपर सायकल बनवायची, तीही मोटरवर चालणारी, असा बेत होता. सांगाडा जुन्या काळ्या सायकलचा. वेल्डिंगला भाचा आणि त्याचे दोस्त. दिवाळीच्या आदल्या रात्री हात हलवणारा, मान वळवणारा नरकासुर उभा करणारी ही पोरं, त्यांना लोखंड शिकवावं लागत नाही. चिमट्यासाठी आणलेला पाइप गॅल्व्हनाइज्ड निघाला, तेव्हा वेल्डिंगआधी त्यावरचं जस्त घासून काढायचं एवढं मात्र मी बजावलं. तो धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो. मोटर मागच्या चाकात घ्यायची हेही आधीच ठरलेलं. चाकाच्या मधोमध बसणाऱ्या या हब मोटरचा 12 मिलिमीटरचा आस दोन बाजूंनी 10 मिलिमीटरपर्यंत चपटा केलेला असतो आणि जोर पडला की तो खाचेतून फिरायला बघतो. पुढच्या लांबलचक, घरी जोडलेल्या चिमट्यावर ती जोखीम कोण घेणार?

मिरवणूक तासन् तास मुंगीच्या पावलाने सरकते, म्हणून मला वेग नको होता, टिकाऊ बॅटरी हवी होती. इन्स्टाग्रामवर एक विक्रेता सापडला, पुण्याकडचा म्हणायचा. बोलणं गोड, प्रत्येक वाक्यात ‘दादा’. आधी त्याने 80 सीसीचं पेट्रोल किट गळ्यात मारायला पाहिलं, “सायकलच आहे दादा, नंबर लागत नाही.” हे साफ खोटं. मोटर वाहन कायद्यातून सुटतात ती चारपेक्षा कमी चाकांची, 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाची वाहनं. मी हे बोलून दाखवल्यावर तो लगेच विजेच्या मोटरवर आला. 250 वॅटची मागची हब मोटर, कंट्रोलर, थ्रॉटल, ब्रेक लिव्हर आणि 36 व्होल्ट 13 अँपिअर-अवरचा (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) पॅक, मिळून 24,500 रुपये. अर्धे आगाऊ, अर्धे पार्सल बसमध्ये चढल्यावर.

हो, बसमध्ये. “लिथियम कुरियरवाले घेत नाहीत दादा, धोकादायक माल म्हणतात.” यात अर्धं सत्य आहे. लिथियम बॅटरी खरोखरच धोकादायक मालात मोडतात आणि वाहतुकीला निर्बंध आहेत. पण त्या अर्ध्या सत्याचा त्याला झालेला फायदा बघा. रात्रीच्या खाजगी स्लीपरने पेटी म्हापशाला उतरली, सोबत ना जीएसटी बिल, ना पाठवणाऱ्याचा पत्ता, ना पॅकवर सिरीयल नंबर. क्लीनरने दिलेली चिठ्ठी तेवढी, तिच्यावर माझंच नाव.

पेटीत आणखी एक वस्तू होती, लॅमिनेट केलेलं ‘आरटीओ माफी प्रमाणपत्र’. त्याचे 1,500 वेगळे घेतले होते. या कागदाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हा धंदा बॅटरीपेक्षाही सोपा आहे. केंद्रीय मोटर वाहन नियमांनुसार मोटरची ताकद 0.25 किलोवॅटच्या खाली आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर बॅटरीवरची दुचाकी मोटर वाहन ठरत नाही. पण या अटी पूर्ण होतात असं नियम 126 मधल्या चाचणी संस्थेने तपासून सांगावं लागतं. पुण्याची एआरएआय ही त्यांतलीच एक. म्हणजे मान्यता तपासलेल्या वाहनाला असते. सुट्या मोटरला ती चिकटवून पाठवता येत नाही आणि माझ्या अंगणात वेल्ड झालेल्या सांगाड्याला तर ती त्या कागदाने मिळणं शक्यच नाही. शिक्का, सही, गोल होलोग्राम, सगळं होतं. वाहनाचं मॉडेल कोणतं, ती ओळ मात्र रिकामी.

मोटर ठीक होती, तेवढं श्रेय त्याला देतो. पॅकचं मी वजन केलं. असे पॅक 18650 सेलचे बनतात, म्हणजे 18 मिलिमीटर जाडीचे, 65 मिलिमीटर लांबीचे नळकांडे. एकेक साधारण 45 ग्रॅम. 13 अँपिअर-अवरसाठी 2.6 चे पाच सेल बाजूला बाजूला आणि अशा दहा ओळी, एकूण 50. म्हणजे सव्वादोन किलो सेल, वर पेटी, वायरी आणि बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट. वाण्याच्या काट्यावर तीन किलोला जरा कमी भरलं. हिशेब जुळत होता. जुळावा अशीच व्यवस्था केलेली होती, हे नंतर कळलं.

संशय चार्जरने दिला. सोबतचा चार्जर 2 अँपिअरचा, म्हणजे 13 अँपिअर-अवरचा रिकामा पॅक भरायला साडेसहा तासांच्या वर लागायला हवेत. हा दोन तासांत हिरवा दिवा लावून मोकळा! रस्त्यावरही तेच. सपाटीला बरी चालायची, पण बोर्ड्याचा छोटासा चढ लागला की व्होल्टेज तिशीला कोसळायचं आणि कंट्रोलर सगळं बंद करून टाकायचा. विक्रेता म्हणाला, “दादा, नवीन पॅक आहे, सेट व्हायला वेळ लागतो.” लिथियमला असलं काही सेट व्हावं लागत नाही.

मग आम्ही जी चाचणी केली ती कुणालाही घरी करता येईल. स्कूटरच्या हेडलाइटचे 12 व्होल्ट, 35 वॅटचे तीन बल्ब एकापुढे एक जोडले. 36 व्होल्टला बरोबर बसतात आणि मिळून शंभरेक वॅट खातात. 36 गुणिले 13 म्हणजे 468 वॅट-अवर. चार तासांहून जास्त जळायला हवेत. दीड तासाच्या आत विझले. म्हणजे पॅकमध्ये चार अँपिअर-अवरच्या आसपास जीव होता, सांगितल्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही.

पॅकवर पिवळा स्टिकर होता, ‘फाटल्यास वॉरंटी रद्द’. भाचा म्हणाला, “मामा, उगडून पळोवया,” उघडून बघूया. अंगठी, कडं काढून ठेवलं, मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं आणि प्लास्टिकच्या पट्टीने वरचं आवरण कापलं. आत 30 सेल. उरलेल्या जागेत प्लास्टर ऑफ पॅरिसची लादी, नीट मापात कापून, टेपमध्ये गुंडाळलेली, चवथीच्या मखरासारखी सजवून बसवलेली. वजन तिथून आलं होतं. सेलवरची निळी सालं नवी कोरी, पण ती सोलल्यावर आतून गुलाबी, हिरवी, जांभळी अशी वेगवेगळ्या कंपन्यांची जुनी सालं, आणि टोकांवर आधीच्या स्पॉट वेल्डिंगचे टवके. लॅपटॉपचा भंगार माल. असे कमीजास्त जीवाचे सेल एकत्र चार्ज करणं म्हणजे घरात आगीला जागा करून देणं. तो पॅक त्यानंतर चार्जरला लावला नाही.

चित्रीकरण पाठवल्यावर ‘दादा’ संपलं. स्टिकर फाटला, वॉरंटी गेली. मग दुसऱ्या नंबरवरून ‘कंपनीचा अकाउंट विभाग’ बोलू लागला. रिफंड मंजूर आहे, पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे यायला पिन लागत नाही, तो जायलाच लागतो. मी हे म्हटल्याबरोबर फोन कट.

तक्रार सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर केली आणि सगळे स्क्रीनशॉट जोडून सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही. 1930 चा खरा उपयोग पैसे गेल्या गेल्या होतो, समोरच्या खात्यात ते अडवता येतात तोवर. माल पाठवणारा ठग इथेच हुशार. पार्सल येईपर्यंत आणि बॅटरी दगा देईपर्यंत आठवडे जातात, तोवर रक्कम पुढे सरकलेली असते. शिवाय काहीतरी पाठवलेलं असल्यामुळे हा मालाच्या दर्जाचा वाद आहे असं त्याला म्हणता येतं. ग्राहक आयोगाची वाट उघडी आहे. 2019 च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण सामनेवाल्याचं नाव-पत्ता लिहावा लागतो. माझ्याकडे क्लीनरची चिठ्ठी. म्हणून असा माल घेणार असाल तर घासाघीस भावावर नको, बिलावर करा. जीएसटी क्रमांक मिळाला की तो सरकारी पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता ताडून बघा, मगच आगाऊ रक्कम.

तो विक्रेता आता नव्या नावाने परत आलाय. भाच्यानेच दाखवलं. तोच पिवळा स्टिकर, तीच काळी पेटी, फक्त लिहिलंय 48 व्होल्ट, 20 अँपिअर-अवर. 48 व्होल्टला सेलच्या 13 ओळी लागतात. सेल चांगल्यातले, 3.5 अँपिअर-अवरचे धरले तरी ओळीत सहा, म्हणजे 78 सेल, नुसत्या सेलचं वजन साडेतीन किलो. माझी पेटी मी फूटपट्टीने मोजली आहे. तिच्यात 50 च्या वर सेल मावत नाहीत.