बायको कमावते म्हणून डिसॅबिलिटी मिळणार नाही? एसएसडीआय की एसएसआय

न्यू जर्सीतल्या वहिनीचा फोन आला, दादाला पॅरालिसिस होऊन चार महिने झाले, तो आता कामावर जाऊ शकत नाही, पण "माझा जॉब चालू आहे ना, मग कशाला अर्ज करायचा" म्हणून ती गप्प बसलेली. वहिनी, असं करू नका हो.

अमेरिकन सरकारच्या अपंगत्व भत्त्याच्या दोन योजना आहेत, एसएसडीआय आणि एसएसआय. त्यात पगाराचंच आधी बघू. एसएसडीआय हा दादाच्याच पगारातून कापलेल्या सोशल सिक्युरिटी टॅक्सवर मिळतो, तिथे बायकोचा पगार कितीही असो, फरक पडत नाही. एसएसआय मात्र गरजूंसाठी, तिथे तुमच्या कमाईचा भाग दादाच्या नावावर धरतात, चांगला पगार असेल तर तिथेच संपलं.

बचत? एसएसआयला जोडप्याकडे 3,000 डॉलरच्या वर नको, राहतं घर आणि एक गाडी सोडून. एसएसडीआयला अशी अटच नाही.

मग एसएसडीआयला काय लागतं, तर कामाचे क्रेडिट्स, म्हणजे टॅक्स भरून केलेल्या कामाचे जमा झालेले गुण. वय 31 च्या पुढे असेल तर साधारण गेल्या 10 वर्षांत 5 वर्षं काम. दादाचे जुने डब्ल्यू-2 (पगार आणि कापलेल्या टॅक्सचे वार्षिक फॉर्म) त्या बिस्किटाच्या डब्यात आहेत ना, काढून ठेवा. पैसे अपंगत्व आल्यापासूनचे पहिले पाच पूर्ण महिने सोडून चालू होतात आणि मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) त्यानंतर 24 महिन्यांनी, म्हणून तोवर तुमच्या ऑफिसच्या इन्शुरन्सवर त्याचं नाव ठेवाच.

आजाराचे निकष दोन्हीकडे सारखेच.

ज्याने वर्षानुवर्षं टॅक्स भरलाय त्याने एसएसडीआय, आणि ज्याचं काम फारसं झालंच नाही, घरात कमाई आणि बचतही अगदी थोडी, त्याने एसएसआय. दादासाठी एसएसडीआयच, या आठवड्यात अर्ज टाका.