कास पठाराचे प्रवेशशुल्क: १५० रुपये कशासाठी?

सातारा शहराच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कास पठारावर यंदा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मुद्दाम मधला वार निवडून, आम्ही चौघे जाऊन आलो. तेथील फुलांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते प्रवेशशुल्काविषयी, कारण ‘डोंगर पाहायलाही पैसे का द्यायचे?’ हा प्रश्न आमच्याच गाडीत निघाला होता.

आम्ही प्रत्येकी १५० रुपये भरून ऑनलाइन नोंदणी केली. वाहन पठारापासून दूर लावावे लागते, आणि पुढची व्यवस्था वनविभागाबरोबर कास, कासाणी, एकीव, आटाळी अशा परिसरातील गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती पाहते. वाटेवर उभे असलेले स्वयंसेवक याच गावांतले. आमच्याबरोबर चाललेल्या तरुणाने ‘सीतेची आसवे’ ही फुले दाखवताना सर्वांना वाटेवरच थांबायला सांगितले, आणि त्याचे कारण पायाखालीच होते. येथे जांभ्या कातळावर मातीचा अगदी पातळ थर आहे; त्यात पोषक द्रव्ये इतकी कमी असतात की सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती कीटक पकडून आपली गरज भागवतात. असा थर शेकडो पावलांखाली दबला, तर त्यातले बी पुढच्या पावसाळ्यात रुजेलच याची खात्री देता येत नाही. साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद असलेले हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले, तेव्हापासून तर गर्दीला आवर घालणे अपरिहार्यच ठरले.

राखण, स्वच्छता आणि वाहनतळ या कामांना माणसे लागतात आणि माणसांना वेतन लागते. ते पर्यटकांच्या शुल्कातून निघावे आणि रोजगार पठाराशेजारच्या घरांत जावा, हे मला सर्वस्वी रास्त वाटते.

मात्र पैसा जमला म्हणजे संवर्धन झाले, असे मी म्हणणार नाही. पठारावर काही वर्षे जाळीचे कुंपण होते. त्याने पर्यटकांना अडवले, पण गुरांची चराईही थांबली. उंच गवत माजून बुटक्या फुलझाडांवर सावली धरते आणि वन्यप्राण्यांच्या वाटा अडतात, असा आक्षेप आल्यावर ते काढावे लागले. गुरे राखणाऱ्यांना हे आधीच ठाऊक असणार. म्हणून निधी कुठे खर्च करायचा हे ठरवताना वनस्पतिशास्त्रज्ञांइतकेच या गावकऱ्यांचेही ऐकले जावे, आणि वर्षाचा जमाखर्च प्रवेशद्वाराजवळ मोठ्या अक्षरांत लावला जावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांना येथे पैशांअभावी कधीच परतावे लागू नये, असेही मनापासून वाटते; सह्याद्री त्यांचाही आहे.

जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळावा, नोंदणी आधी करावी आणि कुमुदिनी तलावापर्यंतची ‘राजमार्ग’ नावाची जुनी वाट चालण्याइतका वेळ हाताशी ठेवावा. बहर पावसावर अवलंबून असतो, त्यामुळे छायाचित्रांत दिसतो तसा गालिचा मिळेलच असे नाही. आम्हाला तो मिळाला नाही. तेरडा विरळ होता, सोनकी नुकती उमलू लागली होती, आणि तरीही पुढच्या वर्षी हे शुल्क मी आनंदाने भरीन.