स्टेशन तरुण झालं त्याला नऊ महिने झाले: रोज नऊ तास ऐकणाऱ्याचा अनुभव

माझं काम बाइंडिंगचं. हात आणि डोळे दिवसभर कागदात अडकलेले, कान तेवढे मोकळे. त्यामुळे टेबलाच्या कोपऱ्यावर रेडिओ असतो आणि सकाळी साडेनऊला लावला की संध्याकाळी साडेसहाला दुकान आवरतानाच तो बंद व्हायचा. कित्येक वर्षं एकच स्टेशन ऐकत आलोय. दुसरं लावून बघावं असं कधी वाटलंच नाही.

नऊ महिन्यांपूर्वी एका सोमवारी रेडिओ लावला आणि वाटलं, कोणीतरी स्टेशन बदललंय. आकडा पाहिला, तोच होता. गाणी मात्र सगळी नवी. सकाळचे ओळखीचे निवेदक गेलेले, दुपारचा जुन्या गाण्यांचा तास गेलेला. दर दहा मिनिटांनी एक उत्साही आवाज सांगत होता की आता हे स्टेशन तरुणांचं आहे. पहिला आठवडा मी नुसता चिडचिड करत होतो. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर चार ओळींत शिव्या घालून मोकळा झालो असतो. नऊ महिने ऐकल्यावर माझं मत पुष्कळ बदललंय, म्हणून आता लिहितोय.

आधी गाण्यांविषयी. नवी गाणी वाईट आहेत, हे मत मी मागे घेतो. पहिल्या पंधरा दिवसांत सगळी सारखीच वाटायची. मग एका दुपारी फॉर्मे, म्हणजे पुस्तकाच्या घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवत असताना लक्षात आलं, की एका गाण्याच्या तळाशी बेसची एक ओळ चाललीय आणि माझी सुई तिच्याच चालीवर वर-खाली होतेय. तेच गाणं आधी वीस वेळा कानावर पडलं होतं, ऐकलं मात्र त्या दिवशी. नंतर हळूहळू आवाज वेगळे कळायला लागले. कोण श्वास कुठे सोडतं, कोण शब्द मुद्दाम अर्धवट ठेवतं, कुठल्या गाण्यात वाद्यं जवळजवळ नाहीतच आणि तरी ते भरलेलं वाटतं, हे समजू लागलं. दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी माणसाला जन्मभर सगळ्यात जवळची वाटतात, असं स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे सांगतात. माझी तशी गाणी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. आजच्या मुलांना त्यांची गाणी रेडिओवर मिळावीत यात गैर काहीच नाही. मला मिळाली होती तेव्हा माझ्या आधीच्या पिढीने असंच तोंड वाकडं केलं असणार.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. तिसऱ्या आठवड्यात असं जाणवायला लागलं की दहा वाजून दहा मिनिटांनी रोज एकच गाणं लागतं. आधी योगायोग वाटला. मग कापून उरलेल्या कागदांची एक वही शिवली आणि सोमवार ते शनिवार, रोज नऊ तास, लागलेलं प्रत्येक गाणं वेळेसकट लिहून काढलं. सहा दिवसांचे चोपन्न तास. त्यात सहा गाणी प्रत्येकी अठरा वेळा लागली होती. १०:१० ला लागणारं गाणं पुन्हा १:१० ला, पुन्हा ४:१०ला. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच.

हे असं का होतं, ते नंतर वाचून आणि आकडेमोड करून समजलं. हल्लीच्या बहुतेक स्टेशनवर निवेदक स्वतः गाणं निवडत नाही. गाणी संगणकात असतात, त्यांचे गट पाडलेले असतात आणि तासाचा एक साचा असतो. अमुक मिनिटाला पहिल्या गटातलं गाणं, तमुक मिनिटाला दुसऱ्या गटातलं, असं सॉफ्टवेअर ठरवतं. सगळ्यात चालणाऱ्या गाण्यांच्या गटात सहा गाणी असतील आणि तासाला त्यातली दोन वाजत असतील, तर बरोबर तीन तासांनी फेरी पूर्ण होते. चोवीसला तीनने पूर्ण भाग जातो. म्हणून रोज त्याच वेळेला तेच गाणं! गट सातचा केला की फेरी साडेतीन तासांची होते आणि प्रत्येक गाणं दुसऱ्या दिवशी अर्धा तास पुढे सरकतं. चौथ्या महिन्यात आमच्या स्टेशनवर नेमकं हेच झालं. सोमवारी १०:१० ला वाजलेलं गाणं मंगळवारी १०:४० ला, बुधवारी ११:१० ला. म्हणजे कोणीतरी तक्रार केली असावी किंवा आतल्या कोणाच्या तरी कानाला ते खटकलं असावं. एक गाणं वाढवल्याने ऐकणाऱ्याचा दिवस बदलतो, हे मी वहीत प्रत्यक्ष पाहिलं. तरीही आठवड्याला पंधरा-सोळा वेळा तेच गाणं येतंच.

यामागचा हिशोब मला मान्य नाही, पण कळतो. अमेरिकेत ओमाहा गावातल्या टॉड स्टॉर्झ यांनी १९५० च्या दशकात थोडीच लोकप्रिय गाणी पुन्हा पुन्हा वाजवायची पद्धत रुळवली. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकणारे लोक सतत तीच ती गाणी लावतात, यावरून हे सुचलं असं सांगतात. पंधरा मिनिटं गाडीत ऐकणाऱ्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण त्या पंधरा मिनिटांत त्याला ओळखीचं गाणं मिळायलाच हवं. पण दिवसभर रेडिओ लावून काम करणारेही आहेत. दुकानं, वर्कशॉप, स्वयंपाकघरं, अंथरुणाला खिळलेली माणसं. त्यांना त्याच गाण्याचा मारा सोसावा लागतो. चांगल्या गाण्याचा वीट येतो याचं मला फार वाईट वाटतं. ज्या बेसच्या ओळीबद्दल वर लिहिलं, ते गाणं आता लागलं की माझा हात आवाज कमी करायला जातो. त्या गाण्याचा यात काय दोष?

जाहिरातींचंही एक गणित आहे. तासात वीस मिनिटं झाली की एकदा आणि पन्नास मिनिटं झाली की एकदा, अशा दोन मोठ्या खेपा येतात. अमेरिकेत अनेक वर्षं श्रोते पाव-पाव तासाने मोजले जात. त्या पाव तासात पाच मिनिटं ऐकलं की पूर्ण पाव तास ऐकल्याचं धरायचे. म्हणून तासाच्या ००, १५, ३०, ४५ या ठोक्यांवर गाणं चालू राहावं आणि जाहिराती मधल्या जागेत टाकाव्यात, अशी रीत पडली. ती सगळीकडे पोचलेली दिसते. याचा मला त्रास नाही, उलट सोय झाली. खळ लावायचं काम मी जाहिरातींच्या वेळेला ठेवतो.

आवाज वाढलाय, तोही थकवणारा. हळू आणि मोठा भाग एकाच पातळीवर आणून दाबलेला आवाज गाडीत बरा वाटतो, टेबलावर दोन हातांच्या अंतरावर तासन् तास ऐकला की डोकं भणाणतं. मी दोन घरं खाली ठेवतो.

आता ज्याचं मला सगळ्यात जास्त वाटतं, त्या निवेदकांविषयी. आधीचे निवेदक गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर बोलायचे. गीतकार कोण, चाल कोणाची, हे सांगून नेमक्या शब्दाच्या आधी थांबायचे. ती एक कला होती. शब्द सुरू व्हायच्या आत वाक्य संपलं पाहिजे, पण घाई केल्यासारखं वाटता कामा नये. नव्या गाण्यांत ती जागाच उरलेली नाही. अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांची १९८६ ते २०१५ अशी तुलना झाली, तेव्हा सुरुवातीची वाद्यं सरासरी वीस सेकंदांहून जास्त होती ती पाचेक सेकंदांवर आल्याचं दिसलं. फोनवर लोक लगेच पुढचं गाणं लावतात, म्हणून गाणं लगेच सुरू व्हावं लागतं. पाच सेकंदांत निवेदक काय सांगणार? स्टेशनचं नाव आणि स्वतःचं नाव. गीतकार, संगीतकार हवेत विरून गेले. माझ्या रेडिओच्या पडद्यावर गाण्याचं नाव सरकत जातं. त्या ओळीत चौसष्ट अक्षरं मावतात, पण आमचं स्टेशन त्यात गाणं, गायक आणि स्वतःची घोषणा एवढंच पाठवतं. चाल बांधणाऱ्याच्या नावाला तिथे सहज जागा झाली असती.

दुपारचा निवेदक तर तिथे बसलेलाच नसतो. बोलणं आधी ध्वनिमुद्रित करून गाण्यांच्या मध्ये बसवलेलं असतं. हे कळलं ते एका चुकीमुळे. त्याने एका गाण्याचं कौतुक केलं, ‘ऐकूया’ म्हणाला आणि भलतंच गाणं लागलं. माणूस समोर असता तर हसून माफी मागितली असती. इथे ते गाणं संपलं, पुढचं लागलं, आणि वीस मिनिटांनी तो त्याच उत्साहात पुढचं बोलला. त्या दिवशी मला एकटं वाटलं, हे मी मनापासून सांगतो. इतकी वर्षं मी समजत होतो की पलीकडे कोणीतरी आहे.

माझ्याकडे मदतीला एकोणीस वर्षांची मुलगी येते. हे सगळं जिच्यासाठी केलं, ती हीच. पहिले पाच महिने ती कानात इअरफोन घालून काम करायची. मी विचारलं, "अगं, तुमचीच गाणी लागतात की आता, ऐकत का नाहीस?" ती म्हणाली, "काका, ही गाणी माझ्या फोनवर आहेतच. आणि तिथे मला पाहिजे तेव्हा थांबवता येतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्टेशनकडेही असेल असं वाटत नाही.

मग सहाव्या महिन्यात संध्याकाळी साडेपाचला एक नवा कार्यक्रम सुरू झाला. निवेदिका विशीतली असावी, थेट बोलते, मध्येच अडखळते, खोकलाही येतो. ती एक नवं गाणं लावते आणि मग त्याच्याशी नातं असलेलं एक जुनं. कधी दोघांचा ठेका एक असतो, कधी नव्या गाण्यात जुन्याचा तुकडा उचललेला असतो. तो तुकडा ती आधी एकटा ऐकवते, मग पूर्ण गाणं. गीतकाराचं नाव सांगते, वादकाचं ठाऊक असेल तर तेही. फोन घेते. एकदा एका आजोबांनी तिची चूक दाखवली, तर दुसऱ्या दिवशी तिने त्यांचे आभार मानून दुरुस्ती केली. आठवडाभरात आमच्या पोरीचा एक इअरफोन निघाला, दुसऱ्या आठवड्यात दोन्ही. फोनवर ज्या गाण्यांची रांग लागलेली आहे तीच इथे वाजतात, पण इथे कोणीतरी तिला ती का ऐकायची ते सांगतं. या एका तासासाठी मी स्टेशनला बाकीचं सगळं माफ करायला तयार आहे.

जुन्या श्रोत्यांनी नुसतं रागावून निघून जाण्याबद्दल एक सांगतो. बीबीसी रेडिओ वन १९६७ मध्ये तरुणांसाठी सुरू झालं आणि पुढे निवेदक आणि श्रोते दोघंही एकत्रच म्हातारे होत गेले. १९९३ मध्ये मॅथ्यू बॅनिस्टर यांनी सूत्रं घेतल्यावर जुने निवेदक गेले आणि लाखो श्रोतेही गेले. त्या स्टेशनने दिशा बदलली नाही, ते आजही पंधरा ते एकोणतीस वयासाठीच चालतं. पण त्या श्रोत्यांना जायला बीबीसीचंच रेडिओ टू होतं. स्थानिक स्टेशन एकच असतं तेव्हा जाणाऱ्याला दुसरं दार नसतं. उलट २०१० मध्ये बीबीसीने सिक्स म्युझिक हे आपलं आणखी एक स्टेशन बंद करायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा ऐकणाऱ्यांनी इतका आवाज उठवला की ते वाचलं. म्हणून मी स्टेशनला तीन पत्रं लिहिली. ‘जुनी गाणी परत आणा’ असं एकातही लिहिलं नाही. वहीतली पानं जोडली, तारीख-वेळेसकट. मागणी तीनच गोष्टींची केली. पहिल्या गटात गाणी वाढवा, पडद्यावरच्या ओळीत गीतकार-संगीतकार द्या, दुपारी एक तास तरी माणूस बसवा. दोन पत्रांना छापील उत्तर आलं. तिसऱ्याला एका बाईंचा फोन आला, त्यांनी वहीबद्दल नीट विचारलं आणि आणखी पानं मागितली.

ज्यांना थोडा वेळ ऐकायचंय त्यांनी सकाळी आणि साडेपाचनंतर जरूर ऐकावं. दिवसभर लावणाऱ्यांनी बारा ते चार दुसरं काही शोधावं, मी ते तास आता बंदच ठेवतो. जुने निवेदक मात्र मला अजून आठवतात, आणि त्यांना निरोपाचं एक वाक्यही बोलू दिलं नाही हे मी विसरलेलो नाही.

संध्याकाळचा कार्यक्रम गेल्या महिन्यापासून पाच दिवसांऐवजी तीनच दिवस केलाय. चौथं पत्र काल लिहून ठेवलं. पानं जोडण्यासाठी वही उघडली तर मधल्या दोन आठवड्यांच्या नोंदी माझ्या अक्षरातल्या नाहीत. मी खळ लावत असताना पोरीने लिहून ठेवल्यात, वेळ, गाणं, गायक. आणि साडेपाचच्या तासातल्या एका जुन्या गाण्यापुढे पेन्सिलीने लिहिलंय, ‘काका, याची चाल कोणाची? ऐकताना निसटलं.’