स्टब्ज कमवायचे कसे: बाजारात की मैदानात?

'एमएलबी द शो' या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममधल्या डायमंड डायनॅस्टी या प्रकारात खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायला स्टब्ज, म्हणजे खेळातली नाणी लागतात. खऱ्या पैशाने विकत मिळतात, पण रुपये मोजून आभासी नाणी घेणं मला तरी पटत नाही. मग उरतात दोन वाटा: कार्डांची खरेदी-विक्री किंवा कॉन्क्वेस्ट, म्हणजे नकाशावरचे प्रदेश जिंकत जायचा खेळ.

खरेदी-विक्री म्हणजे थेट लासलगावच्या व्यापाऱ्याचं डोकं: पडत्या भावात घ्या, चढ्या भावात काढा. मात्र प्रत्येक विक्रीवर 10 टक्के कर कापला जातो, आणि नवखे नेमकं तेच विसरतात. 1000 ला घेतलेलं कार्ड 1100 ला विकलं तर हातात येतात 990, म्हणजे उलट तोटाच. 1500 ला गेलं तर 1350 मिळतात, नफा 350. 'आत्ताच घ्या'चं बटण दाबायचं नाही. आपला भाव लावून थांबायचं. अमेरिकेतल्या खेळाडूंची संध्याकाळ म्हणजे नाशिकची पहाट, त्यामुळे गंगापूर रोडला फिरायला निघण्याआधी मोबाइलवर ऑर्डरी टाकल्या तर त्या लवकर सुटतात. सुरुवातीला भांडवल मात्र लागतं.

कॉन्क्वेस्टला भांडवल लागत नाही. संगणकाविरुद्ध तीन डावांचे सामने, नकाशावर दडलेली कार्डांची पॅक्स (पाकिटं) आणि स्टब्ज. नको ती कार्डं विकून टाकायची. वेळ भरपूर जातो, पण खेळायला मिळतं की!

माझा कौल? आधी एक-दोन नकाशे संपवा, त्यातून आलेले स्टब्ज बाजारात फिरवा. नुसते भाव बघत बसायला तर मार्केट यार्ड आहेच, त्यासाठी कन्सोल कशाला?