जुन्या रिकर्व्ह धनुष्याला मुलासाठी नवी प्रत्यंचा : एंडलेस लूप की फ्लेमिश ट्विस्ट?

लाकूड आणि फायबरग्लासचे जुने रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढच्या बाजूला वळलेले, धनुष्य मुलाच्या हाती द्यायचे ठरले, की पहिला प्रश्न प्रत्यंचेचा येतो. तिच्या धाग्याबाबत माझ्या मते फारसा वाद नाही. ज्या धनुष्याची टोके मुद्दाम मजबूत केलेली नाहीत, त्याला डेक्रॉन, म्हणजे किंचित ताणला जाणारा पॉलिएस्टरचा धागाच लावावा. 1980च्या दशकात आलेल्या फास्ट फ्लाइट जातीच्या प्रत्यंचा जवळजवळ लांबत नाहीत, त्यामुळे बाण सुटतानाचा झटका थेट टोकांच्या खाचांवर बसतो, आणि त्याआधीची धनुष्ये हा झटका गृहीत धरून घडवलेली नव्हती. डेक्रॉनमुळे बाणाचा थोडा वेग जातो खरा, परंतु दहा पावलांवरच्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्या मुलाला त्या वेगाचे काही करायचे नसते. खरी निवड त्यानंतरची आहे : डेक्रॉनचीच, पण एंडलेस लूप घ्यावी की फ्लेमिश ट्विस्ट? माझ्या भाचीसाठी मी एकाच धनुष्यावर दोन्ही वापरल्या असून पुढचे मत त्या अनुभवावर बेतलेले आहे. मोजमापाची उपकरणे माझ्याकडे नाहीत.

एंडलेस लूपमध्ये एकच धागा दोन खुंट्यांभोवती फिरवून वेटोळे करतात आणि टोकांचे फास वरून सर्व्हिंग, म्हणजे संरक्षक दोऱ्याचा वेढा, गुंडाळून पक्के करतात. फ्लेमिश मात्र दोरखंडासारखी वळलेली असते. दोन किंवा तीन पेड एकमेकांत पिळून फास त्या पिळातूनच तयार होतो. दिसण्यात एंडलेस लूप अधिक नेटकी असते, आणि जाडी सर्वत्र सारखी असल्यामुळे ती थोडी अधिक वेगवान असावी, असे मलाही वाटते.

माझा कौल मात्र या कशावर ठरला नाही, तर प्रत्यंचेच्या फटक्यावर ठरला. जुन्या धनुष्यावरचा लांबीचा आकडा बहुधा पुसट झालेला असतो. मग धनुष्य उतरवलेले, म्हणजे प्रत्यंचा काढलेले, असताना त्याच्या पाठीच्या (लक्ष्याकडच्या बाजूच्या) वळणावरून एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत फीत धरायची आणि त्यातून तीन-चार इंच वजा करायचे, एवढाच उपाय उरतो. आणि त्या ‘तीन-चार’मध्येच सगळी गोम आहे. प्रत्यंचा अर्धा इंच जरी लांब निघाली, तरी ब्रेस हाइट, म्हणजे मुठीच्या सर्वांत खोल भागापासून प्रत्यंचेपर्यंतचे अंतर, त्याहून बरेच अधिक घटते. ते घटले की सुटलेली प्रत्यंचा हाताच्या अधिक जवळ येऊन थांबते, आणि मुलांचा धनुष्य धरलेला कोपर हटकून आत वळलेला असल्यामुळे तिचा फटका मनगटाच्या वर, नेमका आर्मगार्ड (हातावरचे संरक्षक आवरण) सरकून उघड्या पडलेल्या जागी बसतो. दुखणे तासाभरात जाते, परंतु पुढच्या बाणापासून मूल सोडण्याच्या क्षणी डोळे मिटते, हात बाहेर झटकते, आणि ही खोड एकदा लागली की सहजी सुटत नाही. भाचीच्या बाबतीत मला सर्वांत जास्त सतावले ते हेच.

यावर उपाय एकच, प्रत्यंचेला पीळ देऊन ती आखूड करणे. आमच्याकडची एंडलेस लूप किंचित लांब होती. तिला पीळ देत गेलो, तेव्हा काही अंतरापर्यंत ती मुकाट्याने आखूड झाली. त्यापुढे मात्र फासाजवळची सर्व्हिंग वाकडी होऊ लागली आणि सैल सोडताच प्रत्यंचेला गाठीसारखे वळ पडू लागले. फ्लेमिशचा मूळ घाटच पिळाचा असल्यामुळे ती पुष्कळ अधिक पीळ सामावून घेते. साठ इंचांच्या आसपासच्या प्रत्यंचेला वीस-तीस पीळ असणे हे तिच्या दृष्टीने अगदी सामान्य आहे, आणि त्यात चार-सहा वाढवून किंवा उतरवून धनुष्याला मानवणारी ब्रेस हाइट शोधता येते. जुन्या रिकर्व्हसाठी मी साडेसात इंचांपासून सुरुवात करून हळूहळू वर जातो आणि धनुष्याचा आवाज जिथे सर्वांत मऊ होतो तिथे थांबतो.

येथे एक मोह टाळायला हवा. लांब प्रत्यंचा लावली की धनुष्य ओढायला किंचित हलके लागते, म्हणून मुलासाठी ती बरी, असे कोणालाही वाटू शकते. पण तो हलकेपणा नगण्य असतो आणि त्याची किंमत फटक्यांनी मोजावी लागते. धनुष्यावर लिहिलेले वजन, म्हणजे ते ओढायला लागणारे बळ, बहुधा 28 इंचांच्या ओढीचे असते. 30 पौंडांचे धनुष्य 22 इंचांपर्यंतच ओढणाऱ्या मुलाला ढोबळमानाने 18 पौंडांचे वाटेल. तेही जड जात असेल, तर धनुष्य बदलावे. प्रत्यंचा बदलून भागणार नाही.

फ्लेमिशमध्ये दोष नाहीत असे नाही. नवी असताना ती बसते, म्हणजे पेड एकमेकांत घट्ट होत जातात आणि ब्रेस हाइट उतरते. पहिल्या काही सत्रांत प्रत्येक वेळी ती पुन्हा मोजावी लागते. पीळ वळणाच्या दिशेनेच द्यावा लागतो, उलटा दिल्यास फासाचा जोडच सैल पडतो. आणि धनुष्य उतरवल्यावर मुलाने खालचा फास खाचेतून काढून प्रत्यंचा हातात फिरवली, तर तुमचा हिशेब गेलाच. मी खालच्या टोकाला फासावरून एक रबरबँड अडकवून ठेवतो आणि धनुष्य चढवणे-उतरवणे स्ट्रिंगरने (प्रत्यंचा चढवण्याच्या दोरीने) स्वतःच करतो, कारण पायात अडकवून चढवताना जुने लिम्ब (धनुष्याचे बाहू) पिळवटण्याची भीती असते.

फासांच्या बाबतीतही माझा कल फ्लेमिशकडेच झुकतो. एंडलेस लूपच्या फासात एकूण धाग्यांपैकी निम्मेच येतात, तर फ्लेमिशच्या फासात सगळे; त्यामुळे जुन्या खाचेला अधिक जाड, मऊ आधार मिळतो. बोटांना टोचणे आणि नॉकची (बाणाच्या मागच्या खाचेची) पकड या बाबी दोन्हींत सारख्याच, कारण त्या धाग्यांच्या संख्येवर आणि मधल्या सर्व्हिंगवर अवलंबून असतात. तिशीच्या पौंडांना दहा ते बारा धागे पुरतात. बाण प्रत्यंचेवर हलकेच टिकून राहावा आणि टिचकी मारताच गळून पडावा.

धनुष्याची लांबी स्पष्ट लिहिलेली असेल, किंवा जुनी प्रत्यंचा शाबूत असून तिच्या मापाची नवी तंतोतंत बनवून मिळत असेल, तर एंडलेस लूपविरुद्ध माझ्याकडे फारसे काही नाही. ती लवकर स्थिरावते आणि मग विसरून जाता येते. मापाची खात्री नसेल, तर मी फ्लेमिशच घेईन, आणि अर्धा इंच लांब घेण्यापेक्षा अर्धा इंच आखूड घेऊन पीळ उतरवीन. नॉकिंग पॉइंटची, म्हणजे बाण लावण्याची जागा दाखवणारी, पितळी कडी मात्र प्रत्यंचा पुरती बसेपर्यंत लावू नये. तोवर सर्व्हिंगवर दोऱ्याची घट्ट गाठ मारली तरी चालते, ती वरखाली सरकवता येते आणि मुलाच्या बोटांना बोचतही नाही.