जुन्या लॅपटॉपला ड्युअल बँड वायफाय डोंगल: पावसाळ्यापासून वापरतोय, त्याचा अनुभव

आमचं इंदिरानगरला रो हाऊस आहे. राऊटर खाली हॉलमध्ये, माझं कामाचं टेबल वरच्या खोलीत. जूनमध्ये इंटरनेटवाल्यांचा माणूस जुना राऊटर काढून वायफाय ६ चा नवा बसवून गेला, आणि त्या संध्याकाळपासून माझा लॅपटॉप काही केल्या नेटला जोडला जाईना. मोबाईल, टीव्ही सगळं सुरळीत. लॅपटॉपवर नेटवर्कचं नाव दिसायचं, पासवर्ड टाकला की थोडा वेळ गोल गोल फिरायचं आणि कनेक्ट होत नाही म्हणून सांगायचं. इंटरनेटवाल्यांना फोन केला तर, "सर, आमच्याकडून लाइन ओके आहे, तुमचा लॅपटॉप बघून घ्या." एका दुकानात दाखवला तर तिथला मुलगा थेट फॉरमॅटवर आला. त्यानेही नाही झालं तर मदरबोर्ड!

डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टात लावायचं छोटं वायफाय यंत्र, चांगला आहे, पण तो घ्यायच्या आधी लॅपटॉपलाच विचारा की तुला काय काय जमतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' (netsh wlan show drivers) टाइप करायचं. त्यात रेडिओ टाइप्सची ओळ शोधा. माझ्याकडे तिथे ८०२.११ च्या पुढे फक्त बी, जी आणि एन होतं. ए किंवा एसी नाही, म्हणजे आतलं वायफाय कार्ड २.४ गिगाहर्ट्झवरच चालणारं, ५ गिगाहर्ट्झ त्याला दिसतच नाही. त्याखाली सिक्युरिटीचे प्रकार येतात. त्यात डब्ल्यूपीए२ होतं, डब्ल्यूपीए३ नव्हतं. इकडे नवा राऊटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला. हे आलंच २०१८ मध्ये, माझा लॅपटॉप त्याआधीचा. पासवर्ड बरोबर असूनही राऊटर आत घेणार कसा?

मोबाईलवरून राऊटरच्या सेटिंगच्या पानावर गेलो, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ अशी मिश्र केली. लॅपटॉप लगेच जोडला गेला. एक पैसा खर्च नाही. तुमचं काम एवढ्यावर भागत असेल तर पुढचं वाचू नका.

(तुमच्याकडे जोडलं जातं पण नेट चालत नाही असं असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) करून लॅपटॉपचा आयपी पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही, तो विंडोजने स्वतःच घेतलाय. ती भानगड वेगळी.)

माझं भागलं नाही, कारण आमच्या ओळीत भिंतीला भिंत लागून घरं आणि प्रत्येक घरात राऊटर. २.४ वर एकमेकांच्या आड न येणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळे घरी आले की व्हिडिओ कॉल रडतखडत चालायचा. म्हणून दीड हजाराच्या आतला, छोट्या अँटेनाचा ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा, यूएसबी डोंगल घेतला. नखाएवढे मिळतात ते दिसायला छान, पण वरच्या मजल्यासाठी मी घेणार नाही.

पहिल्यांदा लावला तेव्हा धिस पीसीमध्ये चक्क सीडी ड्राइव्ह दिसायला लागली. डोंगलच्या पोटातच ड्रायव्हरची, म्हणजे तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची फाइल असते, ती चालवली की सीडी गायब होते आणि वायफाय येतं. सोय मस्त आहे, कारण नेट नसताना ड्रायव्हर डाउनलोड कुठून करणार? तुमच्या डोंगलमध्ये ती नसेल तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे मोबाईलचं नेट लॅपटॉपला मिळतं. नंतर डिव्हाइस मॅनेजरमधून आतलं जुनं कार्ड डिसेबल करून टाका, नाहीतर लॅपटॉप कधी याला धरतो, कधी त्याला.

प्लॅन १०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये नव्वदीच्या पुढे मिळतो, वर माझ्या टेबलावर चाळीस-पन्नास. ५ गिगाहर्ट्झ स्लॅब आणि विटांच्या भिंतीपुढे लवकर दमतं, ते चालायचंच. कॉल मात्र आता तुटत नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

कटकटी दोन. झाकण मिटून उघडलं की डोंगल झोपलेलाच राहायचा, काढून परत लावावा लागे. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद केलं, शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची जी टिक असते ती काढली, तेव्हापासून ठीक आहे. दुसरी गंमत म्हणजे, शेजारच्या पोर्टात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावून डोंगल २.४ वर चालवला की सिग्नल ढेपाळतो. यूएसबी ३ चा गोंगाट त्याच पट्ट्यात पडतो, इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. ५ वर त्रास नाही. २.४ शिवाय गत्यंतर नसेल तर हातभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब ठेवा. मी तीच वायर वापरून तो खिडकीच्या चौकटीला अडकवलाय, लॅपटॉप उचलताना डोंगल वाकायची भीतीही गेली.

राऊटर टेबलाशेजारीच असेल तर हे काहीही घेऊ नका, सरळ लॅन केबल लावा, त्याच्याइतकं भरवशाचं काही नाही. मीही तेच करणार होतो, पण जिन्यातून वायर ओढायला आईने साफ नकार दिला.