माद्रिदमार्गे परदेशात ट्रेडमार्क : एका मसालेवालीचा अनुभव

आमचा कांदा-लसूण मसाला कोल्हापुरातून दुबईला जायला लागला आणि दुसऱ्याच वर्षी भाच्याने तिथल्या दुकानातून फोटो पाठवला. तीच लाल पिशवी, सासूबाईंचं नाव आमच्यासारख्याच वळणदार अक्षरांत, पण माल आमचा नव्हे. भारतातली ट्रेडमार्कची, म्हणजे नाव आणि लेबलच्या हक्काची, नोंदणी तिकडे कामाला येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

पहिल्या एजंटाने ‘एका फॉर्ममध्ये जगभर नोंदणी’ म्हणून आगाऊ पैसे घेतले. असं काही नसतं हो! माद्रिद प्रोटोकॉल म्हणजे अनेक देशांत ट्रेडमार्क नोंदवण्याचा आंतरराष्ट्रीय करार; त्यात अर्ज एकच, पण निर्णय ज्या त्या देशाचा. भारत यात जुलै २०१३ पासून आहे, संयुक्त अरब अमिराती (दुबई त्यातच येते) डिसेंबर २०२१ पासून. अर्ज आपल्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीमार्फत ऑनलाइन जातो. ते तपासून जिनिव्हाला वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, पाठवतात.

माझं गाडं अडलं ते नावावर. भारतातला ट्रेडमार्क यजमानांच्या नावावर आणि धंदा माझ्या. दोन्हीकडे अर्जदार एकच लागतो, म्हणून आधी मालकी बदलून घेतली. त्यात चार महिने गेले. शिवाय लेबल देवनागरीत, तेव्हा रोमन अक्षरांत उच्चार लिहून द्यावा लागला. लेबल काळं-पांढरं नोंदवलेलं, म्हणून मूळ फी ६५३ स्विस फ्रँक. रंगीत असतं तर ९०३. देशांची फी त्यावर वेगळी. वायपोच्या साइटवर हिशेब आधीच करता येतो, ही सोय मला फार आवडली.

मुख्य धोका एक आहे, तो नीट समजून घ्या. पहिली पाच वर्षं सगळं भारतातल्या मूळ नोंदीवर उभं असतं. ती रद्द झाली, तर बाहेरचीही जाते. तीन महिन्यांत त्या त्या देशात वेगळा अर्ज करून आधीच्या नोंदणीची तारीख वाचवता येते, पण खर्च पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी म्हणेन, घरचा ट्रेडमार्क आधी पक्का करा.

कुठल्या देशाने हरकत घेतली, तर बहुतेक ठिकाणी तिथला वकील लागतो. हरकत कळवायला देशांना १२, काहींना १८ महिने मिळतात, तोवर धीर धरायचा. पण मुदतवाढ दहा वर्षांनी, सगळ्या देशांची एकाच ठिकाणी. छोट्या उद्योगाला हे परवडतं.

या माद्रिद पद्धतीला पाचांपैकी चार तारे. अर्जात सिंगापूरही होतं, त्याची मंजुरी आली आहे, अमिरातीची यायची आहे. अर्ज कुठवर आला ते दाखवणारं वायपोचं ‘माद्रिद मॉनिटर’ हे पान उघडून रोज सकाळी चहासोबत बघते.